चार नंबरची जर्सी कोणाच्या अंगावर होती

नवप्रभात महिला कबड्डी संघ, पंचवटी, या संघातून १९९२ साली खेळलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

आपल्या सगळ्यांची एक तक्रार आहे आणि ती आपण सतरा वर्षे फक्त एकमेकींकडेच करत आलो. मैदानात आपल्याला कोणी नावाने ओळखले नाही. पंचांनी शिट्टी वाजवली की "सात नंबर बाद". लोक ओरडले तेही आकडाच ओरडले. पुरुषांच्या संघातल्या पोरांची नावे चौकाचौकात लागली. आपली नावे रेशनकार्डावर बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाखाली राहिली. आपली कर्णधार सिंधू आज भाजीबाजारात बसते आणि शेजारच्या पालेभाजीवालीला माहीत नाही की या बाईने राज्याची ढाल उचलली होती.

तक्रार खरी आहे. तीच घेऊन मी चौदा वर्षे कारखान्यांच्या गेटवर भाषणे केली. पण तिच्या आड आपण एक गोष्ट झाकून ठेवली, आणि सर्वांत जास्त मी झाकली. म्हणून हे मृत्युपत्र मी वकिलाच्या आधी तुम्हाला उद्देशून लिहिते.

मी ललिता सहादू शेजवळ, वय ४५, अविवाहित, राहणार सातपूर, नाशिक. आज सोमवार, दिनांक १६ फेब्रुवारी २००९ रोजी माझी बुद्धी जागेवर आहे. मूत्रपिंडे जागेवर नाहीत; आठवड्यातून दोनदा यंत्र माझे रक्त धुते. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस लागते, ते नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे याची अंमलबजावणी सिंधुबाई वाघ हिने करावी. तिला कोर्टकचेरी कळत नाही, पण तिला कोणी ढकलून रेषेबाहेर काढलेले मी पाहिलेले नाही.

कलम १. माझी पुस्तके सहाशेच्या आसपास आहेत, दोन लोखंडी कपाटांत. ती आमच्या विहाराच्या अभ्यासिकेला द्यावीत. समासात मी शिसपेन्सिलीने लेखकांशी भांडले आहे. ते खोडू नये. वाचणाऱ्या पोरांना निदान कळेल की छापलेल्या अक्षराशी भांडता येते.

कलम २. माझा हातातला भोंगा युनियनच्या ऑफिसला द्यावा. सेल काढून ठेवले आहेत. या भोंग्यातून मी सांगत आले की कामगार म्हणजे हजेरीपटावरचा आकडा नव्हे, त्याला आईबापाने नाव दिले आहे, त्या नावाने त्याला बोलवा. हजार हजार लोक टाळ्या वाजवत. मग मी घरी येऊन कुलूप उघडत असे. आपल्याच घराचे कुलूप रोज आपणच बाहेरून उघडायचे, याची सवय होते असे लोक म्हणतात. मला झाली नाही.

कलम ३. आईचे शिलाई मशीन माझी भाची चैताली हिला द्यावे. तिचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ मनोज. त्याला मी काहीही देत नाही. माझ्या आजारात तो तीनदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चप्पल काढता काढताच म्हणाला, "ताई, फ्लॅटचं काही ठरवलंस का?"

मी म्हटले, "आधी तब्येत तरी विचार."

"ती दिसतेच आहे ना."

मनोजवर माझा राग नाही, असे लिहिणार होते. आहे. तो तसाच राहू द्यावा. मशीनची काळजी मात्र त्याने घ्यावी, कारण आपल्या संघाचे सगळे आकडे त्याच मशीनवर शिवले गेले.

कलम ४. माझ्या पलंगाखाली पत्र्याची पेटी आहे. तिच्यात एक निळी जर्सी आहे, छातीवर आणि पाठीवर पांढरा ४. ती भागी मंगळू भोये, लग्नानंतरचे नाव भागीबाई गावित, राहणार हरसूलजवळील पाडा, हिला द्यावी. ही भेट नाही. ज्या अंगावरून ती उतरली, त्या अंगाकडे ती परत जात आहे.

तुम्हाला ठाऊक आहे, पण कागदावर कधी आले नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

संघाकडे बारा जर्सींचा एकच संच होता. आकडे विकत आणण्याइतकी आपली ऐपत नव्हती. माझी आई विमलाबाई हिने अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या पांढऱ्या लेंग्यांतून ते कापले. आई शाळेत गेली नव्हती. मी फरशीवर खडूने एक ते बारा अंक काढून दिले, त्यावर कापड अंथरून तिने ते बेतले. माझा चार शिवताना म्हणाली, "ह्याचं तोंड वरून उघडंच गं. बोलभांड दिसतोय. हा तूच घाल."

रविवार, १९ जानेवारी १९९२. सकाळी उपांत्य सामना, दुपारी अंतिम. सकाळच्या सामन्यात माझा डावा घोटा मुरगळला आणि माझ्या जागी राखीव भागी आत गेली, नऊ नंबर. अठरा वर्षांची, हरसूलकडची, पंचवटीत मुलींच्या वसतिगृहात राहून अकरावी शिकत होती. दुसऱ्याच चढाईत तिला चौघींनी धरले. ती रेषेपर्यंत पोचली, पण जर्सी खांद्यापासून कमरेपर्यंत फाटली आणि नवाचा अर्धा आकडा समोरच्या मुलीच्या मुठीत राहिला. पंच म्हणाले, "अंतिम सामन्यात आकडा दिसला पाहिजे. नाही तर ही खेळणार नाही."

आपले व्यवस्थापक राजूभाऊ माझ्याकडे आले. "ललिता, तुझी काढ. तुला आता बसायचंच आहे."

मी काढून दिली आणि तिची फाटकी घालून वर शाल गुंडाळली. माझी जर्सी भागीच्या अंगावर पोत्यासारखी लोंबली. सैल जर्सी म्हणजे समोरच्यांच्या हातात दिलेला कासराच. आई प्रेक्षकांत बसली होती. ती उठून आली, भागीला पाठमोरी उभी केली आणि पाठीवर उभी चुणी घेऊन धावदोरा घातला. तिच्या पिशवीत त्या दिवशी लाल दोरा होता.

टेबलावर दिलेल्या यादीत मात्र चार नंबरपुढे माझे नाव होते. सिंधूने राजूभाऊंना आठवण करून दिली. ते म्हणाले, "यादी बदलायची तर पंचांची सही परत घ्या. ते जेवायला गेलेत. अंगावर आकडा आहे ना? झालं मग."

गुणलेखक तोंड पाहत नाही, आकडा पाहतो. अंतिम सामन्यात चार नंबरने अकरा गुण घेतले. शेवटची चढाई तर तुम्हाला झोपेतही दिसत असेल: तीन जणींना शिवून, एकीच्या खांद्यावरून, हात रेषेच्या पलीकडे. आपण दोन गुणांनी जिंकलो. सगळे मैदान ओरडत होते, "चार! चार!" मी ओल्या फडक्यात घोटा धरून बाकावर बसले होते, अंगात फाटका नऊ. आज खरे लिहिते. ती हाक मला माझीच वाटली. त्या दिवसापर्यंत कोणी माझा आकडा असा ओरडला नव्हता. मी हात वर केला. कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आले: ललिता शेजवळच्या अकरा गुणांनी नवप्रभात विजेता. सोबत फोटो होता, चढाई करणारीचा, पाठमोरा. पाठीवर चार, आणि त्या चाराच्या मधोमध चुणी. तेच कात्रण आजही आपल्या सभागृहात काचेमागे लावलेले आहे. शेजारी लाकडी फलक आहे: "सन १९९२, उत्कृष्ट खेळाडू, कु. ललिता सहादू शेजवळ." निळ्यावर पिवळी अक्षरे.

आठवड्याने भागी तिच्या बापाला, मंगळूबाबांना घेऊन आमच्या घरी आली. पेपर घडी घालून आणला होता. हसत होती.

"ताई, तुझं नाव आलं बघ. बाला दाखवलं, हा नंबर माझ्या आंगावर व्हता म्हनून. त्याला खरं वाटंना. तू सांग त्याला."

मी मंगळूबाबांना म्हटले, "भागीच खेळली, बाबा." एवढे मी बोलले, बंद खोलीत, एका माणसासमोर. आईने चहा दिला.

महिन्याने सातपूरच्या एका कारखान्याचे पत्र आले. ते महिलांचा पगारी संघ काढत होते आणि खेळाडू म्हणून कायम नोकरी देणार होते. मुलाखतीला गेले तेव्हा साहेबांपुढे कात्रण आणि गुणपत्रक होते. त्यांनी विचारले, "हे अकरा गुण तुमचे?"

मी म्हटले, "हो."

इतके छोटे भाषण मी आयुष्यात दुसरे केले नाही.

परत आले तेव्हा तुमच्यापैकी कला म्हणाली, "जाऊ दे. एकीला तरी लागली. आपल्यातच आली म्हणायची." आणि आपण सगळ्यांनी मान हलवली. त्या खोलीत भागी नव्हती. ती नव्हती म्हणूनच आपल्याला मान हलवता आली. मी ठरवले होते की पुढच्या वर्षी तिला आत घ्यायचे. पुढच्या वर्षी भरती झाली नाही. भागीचे लग्न झाले आणि ती द्राक्षबागांत मजुरीला जाऊ लागली.

आई म्हणाली, "तो लाल दोरा उसवून टाकू?"

मी म्हटले, "राहू दे."

ती म्हणाली, "राहू दे तर राहू दे. टाके मी कोणाच्या अंगावर घातले ते मला माहीत आहे." १९९७ साली ती गेली, तोपर्यंत तिने त्या जर्सीला हात लावला नाही.

कारखान्याच्या संघातही मी चारच मागून घेतला, छापील, चकचकीत. सहा वर्षे खेळले. प्रशिक्षक नेहमी विचारायचे, "फायनलमधली ती ललिता कुठे गेली हो?" मी म्हणायची, "घोटा, सर." घोटा तीन आठवड्यांत बरा झाला होता.

कोणाला पुरावा हवा असेल तर जर्सी उलटी करून पाहा. पाठीवर लाल धावदोऱ्याची चुणी तशीच आहे. शिवलेली जर्सी माझ्या अंगात कधीच शिरली नसती. आणि मग काचेमागचा फोटो पाहा. सतरा वर्षे ती चुणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेली आहे.

कलम ५. सातपूरची माझी एक खोली आणि स्वयंपाकघर असलेली सदनिका भागीबाईला द्यावी, म्हणजे तिची मुलगी ज्योत्स्ना हिला शिकायला शहरात राहता येईल. वकील म्हणाले, "मालमत्ता स्वकष्टार्जित, असं लिहा, म्हणजे भावाला बोलायला जागा नाही." मी लिहिले, वाचले आणि थांबले. कायद्यापुरते ते खरे आहे: ही जागा मी माझ्या पगारातून घेतली, वडिलांकडून यातले काही आले नाही, आणि मनोजचा हिच्यावर हक्क नाही. कायद्याबाहेर कष्ट कोणाचे, ते कलम ४ मध्ये आहे.

पण कोणी असे समजू नये की घर दिले आणि मी सुटले. घर देणे सोपे आहे. भागीने माझ्याकडे घर कधी मागितले नाही. तिने काय मागितले तेही लिहिते.

२००४ साली कंत्राटी कामगारांसाठी मी गेटवर बोलत होते. माझ्या चांगल्या भाषणांपैकी ते एक. "बिल्ल्यावरचा नंबर फेकून द्या," मी म्हणाले, "आणि ठणकावून आपलं नाव सांगा." सभा संपल्यावर गर्दीतून एक बाई पुढे आली. पातळाला कंत्राटदाराचा पत्र्याचा बिल्ला लावलेला, ११७.

"बेस बोललीस ताई. लय बेस."

आवाजावरून मी ओळखले. "भागी?"

"हां. नाव हाय ध्यानात." ती हसली. मग म्हणाली, "ज्योत्स्ना माझी पोर. आश्रमशाळंत हाय, कबड्डी खेळती. म्या म्हनलं, मी बी खेळलीय, फायनल मारलीय. तर हसती. म्हनती, आई, उगा फेकू नको, कुठं हाय तुझं नाव? मला एक चिठ्ठी लिहून दे ताई. तुझ्या सहीची. चार नंबरात भागी व्हती, एवढंच लिव्ह. दुसरं काय नको."

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत कागद होता, पेन होते, भोंगा होता. आजूबाजूला माझेच लोक होते, मला ताई म्हणणारे. मी म्हटले, "पाठवते."

पाठवली नाही. तेव्हा मला नोकरी जाण्याची भीती होती, असे मी स्वतःला सांगितले. २००६ साली मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतर कोणती नोकरी जाणार होती? मला भीती होती ती "ताई" ही हाक जाण्याची. माझ्याकडे तेवढीच एक होती.

गेल्या नोव्हेंबरात, बाजाराच्या दिवशी, मी एसटीने हरसूलला गेले. सगळे बोलायचे ठरवून गेले होते. गाडीत मनाशी घोकतही होते. भागी नागली मांडून बसली होती. मला पाहून तिने पोत्याचा कोपरा झटकला, बसायला जागा केली. सावळी, उंच पोर शेजारी उभी होती, ज्योत्स्ना. भागी तिला म्हणाली, "ही ललिताताई. मोठी बाई हाय. भाषनं करती." यापलीकडे एक शब्द नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पाय कसा हाय गं तुझा? डावा ना तो?"

हजार माणसांपुढे न अडखळणारी मी. मी विचारले, "नागली कशी किलो?" मी दोन किलो नागली घेतली आणि परतीची गाडी धरली. ती नागली अजून डब्यात आहे. दळून आणायला मी नेलेली नाही.

ती चिठ्ठी आज लिहिली. ज्योत्स्ना गावित, आश्रमशाळेचा पत्ता, रजिस्टर पोस्टाने, दुपारी टाकली. पावती या कागदाला टाचली आहे.

कलम ६. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. शोकसभा घेऊ नये. माईक लावू नये. माझ्याविषयी चांगले बोलण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी त्या दिवशी घरी बसावे.

कलम ७. ~~माझ्या मृत्यूनंतर सिंधुबाईने संघाच्या सभागृहातील फलकावरचे माझे नाव खोडून तेथे भागीचे नाव लिहून घ्यावे.~~ हे कलम खोडले आहे आणि खोडल्याजागी मी सही केली आहे. का खोडले ते सांगते.

साक्षीसाठी सिंधू आज सकाळीच बाजारातून थेट आली, हाताला मेथीचा वास. मी तिला सगळे वाचून दाखवले. ती ऐकत राहिली. सातवे कलम आले तेव्हा म्हणाली, "रंग आणलाय का?"

आणलाय. पिवळ्या रंगाचा डबा आणि निळ्याचा डबा, दोन्ही स्वयंपाकघराच्या माळ्यावर आहेत. गेल्या महिन्यात मी ते पिशवीत घालून दोनदा सभागृहापर्यंत गेले. पहिल्यांदा दारातून परतले. दुसऱ्यांदा आत गेले तर मुली सराव करत होत्या. एकीने मला फलकाखाली उभी पाहिली, नाव वाचले, धावत आली आणि वाकून पाया पडली. "तुम्हीच ना त्या? चार नंबर?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डबे पिशवीतच राहिले.

हेही मी सिंधूला सांगितले. तिने पदराने हात पुसले.

"मेल्यावर कशाला गं? तू मेल्यावर आम्ही नाव खोडलं तर लोक म्हणतील, मेलेल्या बाईवर बायका उठल्या. आणि भागीला काय वाटेल? म्हणेल, ताई जिती होती तोवर गप्प होती. रविवारी काय करतेस?"

मी म्हटले, "रविवारी मला यंत्र नसतं."

"मग झालं."

कर्णधाराशी मी तेव्हाही वाद घातला नव्हता. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. बाकीची कलमे तशीच उघडावीत. हे एक आधी उघडले जावे म्हणून त्याच्या नकला काढल्या आहेत. सिंधू त्या आज तुमच्या घरोघर पोचवणार आहे. भागीला आणि ज्योत्स्नाला मी चिठ्ठीत हाच दिवस आणि हीच वेळ कळवली आहे.

तर मैत्रिणींनो, येत्या रविवारी, २२ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता पंचवटीत आपल्या सभागृहावर या. नवरा विचारेल, सून विचारेल, दुकान कोण बघणार म्हणून विचारतील. त्यांना खरे काय ते सांगून या. मी दारात रंगाचे डबे घेऊन उभी असेन. माझे नाव मीच खोडणार आहे. त्या जागी भागी मंगळू भोये हे नाव तुम्ही सगळ्यांनी एकेक अक्षर करून लिहायचे आहे. पण दोनदा जाऊन मला कळले आहे की त्या दारातून मला एकटीला आत जाता येत नाही. या, आणि मला आत घेऊन चला.

सही: ललिता सहादू शेजवळ

साक्षीदार १: सिंधुबाई वाघ, वय ४७, भाजीविक्री, पंचवटी. वाचून दाखवले, ऐकले. सही.

साक्षीदार २: सुमनबाई रोकडे, वय ५८, शेजारी, सातपूर. ललिताबाईंनी माझ्यासमोर सही केली. अंगठा, डाव्या हाताचा.

ठिकाण: सातपूर, नाशिक
दिनांक: १६ फेब्रुवारी २००९